मतदान हेही गुप्तदानच

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा पाठ)





संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात दानाविषयी बोलले जावे, हे स्वाभाविकच आहे. कोणतीही संस्था पन्नास वर्षे उभी राहते ती दात्यांच्या बळावर. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही चार नावे श्रावकाच्या घरात लहानपणीच कानांवर पडतात. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र या चारांत न मोडणारे एक दान आहे. ते शास्त्राने सांगितलेले नाही, राज्यघटनेने दिलेले आहे. ते म्हणजे मतदान.

आपल्या भाषेने या कृतीला ‘दान’ म्हटले, यात मोठा अर्थ सामावलेला आहे. दान देण्यासाठी देणाऱ्याजवळ स्वतःचे काहीतरी असावे लागते. ते त्याने स्वेच्छेने आणि शक्यतो स्वहस्ते द्यावे लागते. आणि ज्या दानाचा गवगवा होत नाही, जे उजव्या हाताने दिलेले डाव्या हातालाही कळत नाही, त्या गुप्तदानाची थोरवी सगळेच मानतात. गुप्त मतदानाच्या पद्धतीत हे तिन्ही गुण आहेत. प्रश्न एवढाच की, हे दान देण्याची संधी आपल्या समाजातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला खरोखर मिळते काय? ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत, ज्याला चिन्हे दिसत नाहीत, ज्याला पुकारलेले नाव ऐकू येत नाही, त्याचे काय?

दिव्यांग व्यक्तीकडे समाज बहुधा ‘घेणारा’ म्हणून पाहतो. त्यामागे दुष्टावा नसतो, उलट करुणाच असते. नेत्रशिबिरे, श्रवणयंत्रांचे वाटप, कृत्रिम अवयवांची केंद्रे यांत जैन समाजाने केलेले कार्य सर्वपरिचित आहे. जयपूर येथे १९६८ च्या सुमारास शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या सहकार्यातून ‘जयपूर फूट’ तयार झाला. १९७५ साली डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो लाखो गरजूंपर्यंत विनामूल्य पोहोचविला. या कार्याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु ज्याला पाय मिळाला, तो त्या पायाने पुढे कोठे जातो, हाही विचार व्हायला हवा. तो कामावर जातो, मंदिरात जातो, बाजारात जातो. आणि निवडणुकीच्या दिवशी तो मतदान केंद्रावरही जातो. त्या दिवशी तो घेणारा नसतो, देणारा असतो. दात्याचा सन्मान कसा करावा, हे या समाजाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

कायद्याने पाहिलेला मतदार

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला. मतदाराचे वय प्रारंभी २१ होते, ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ते १८ झाले. कोणत्या कारणांनी कायदा हा अधिकार नाकारू शकतो, तेही या अनुच्छेदात सांगितले आहे : अनिवास, मनोविकलता, गुन्हा आणि भ्रष्ट किंवा बेकायदेशीर आचरण. शारीरिक अपंगत्वाचा उल्लेख त्यात कोठेही नाही. म्हणजे अंध, बधिर वा चालता न येणारा नागरिक पहिल्या निवडणुकीपासूनच पूर्ण मतदार आहे. हा अधिकार त्याला कोणी मागाहून कृपा म्हणून दिलेला नाही.

या संदर्भात १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतील एक तरतूद अवश्य जाणून घेण्यासारखी आहे. मतदाराच्या डाव्या तर्जनीला पक्की शाई लावतात, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तर्जनीच नसेल तर? नियम सांगतो, डाव्या हाताच्या दुसऱ्या कोणत्याही बोटाला लावावी. डाव्या हाताला बोटेच नसतील तर उजव्या हाताच्या तर्जनीला किंवा अन्य बोटाला. आणि दोन्ही हातांना एकही बोट नसेल तर डाव्या वा उजव्या हाताचा जो भाग शिल्लक असेल, त्याच्या टोकाला. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बोटे नसलेला माणूस रांगेत उभा होता. त्याला परत पाठवावे असे त्याच्या मनातही आले नाही. शाई कोठे लावावी, एवढाच प्रश्न त्याला पडला. लोकशाहीची सभ्यता म्हणतात ती हीच.

मात्र त्या मतदाराने केंद्रापर्यंत पोहोचायचे कसे, याचा विचार होण्यास पुढची चाळीस वर्षे जावी लागली.

तीन पायऱ्यांचा अडथळा

मतदान केंद्रे बहुधा शाळांत असतात आणि जुन्या शाळांना दगडी जोते असते. धडधाकट माणसाच्या लक्षातही न येणाऱ्या तीन पायऱ्या चाकाच्या खुर्चीवरील मतदारासाठी भिंत ठरतात. अशा मतदारापुढे दोनच मार्ग उरत : परत जाणे, किंवा चार जणांनी खुर्चीसह उचलून आत नेणे. उचलून नेणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु भर रांगेतून सामानासारखे उचलले जाताना त्या माणसाच्या मनाची अवस्था काय होत असेल, याची कल्पना करून पाहावी. पुढच्या वेळी तो म्हणतो, “जाऊ द्या, माझ्या एका मताने काय होणार?” या उद्गाराला लोक उदासीनता समजतात. पुष्कळदा तो संकोच असतो.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने समान संधीचे तत्त्व मान्य केले होते, तरी मतदान केंद्राची पायरी तशीच राहिली. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी दिल्लीतील डिसेबल्ड राइट्स ग्रुप या गटाने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. गटाचे प्रवर्तक जावेद अबिदी (१९६५-२०१८) स्वतः चाकाची खुर्ची वापरीत. न्यायालयाच्या आदेशांनंतर मतदान केंद्रांवर लाकडी रॅम्प, मतदान यंत्रांवर ब्रेल अंक आणि दिव्यांगांसाठी स्वतंत्र रांग या गोष्टी हळूहळू रूढ होऊ लागल्या. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कविषयक कराराला संमती दिली. त्या कराराचे २९ वे कलम राजकीय जीवनातील सहभागाचे आहे. पुढे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याचे कलम ११ स्पष्ट आहे : सर्व मतदान केंद्रे दिव्यांगांना सुगम असावीत आणि निवडणुकीचे सर्व साहित्य त्यांना समजेल व वापरता येईल असे असावे. ही जबाबदारी भारत निवडणूक आयोगावर आहे, तशीच स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेणाऱ्या राज्य निवडणूक आयोगांवरही आहे.

रॅम्प म्हणजे पायऱ्यांवर टाकलेली फळी नव्हे. एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी, असे त्याचे मान्य प्रमाण आहे. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची झाली. तिला अठरा फूट लांबीचा उतार हवा. फळी आखूड ठेवली की उतार तीव्र होतो, खुर्ची मागे घसरते आणि पुन्हा चार जणांना बोलवावे लागते. कागदोपत्री रॅम्प झालेला असतो, मतदार मात्र होता तेथेच राहतो.

स्वतःच्या हाताने

अंध मतदाराचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. त्याला केंद्रात प्रवेश मिळतो, परंतु चिन्हे दिसत नाहीत. त्याच्यासाठी नियम ४९-एन मध्ये सोबत्याची तरतूद आहे. दृष्टिदोषामुळे किंवा अन्य शारीरिक दुर्बलतेमुळे मतदाराला चिन्ह ओळखता येत नसेल किंवा साहाय्याशिवाय बटण दाबता येत नसेल, अशी मतदान केंद्राध्यक्षाची खात्री झाली, तर किमान १८ वर्षे वयाचा सोबती मतदान कक्षात नेता येतो. एका सोबत्याला एका दिवशी एकाच मतदाराचे काम करता येते, आणि मत गुप्त राखीन असे प्रतिज्ञापन त्याला द्यावे लागते. गावातील एखाद्या पुढाऱ्याने दहा अंधांना हाताला धरून न्यावे आणि दहाही बटणे स्वतः दाबावीत, असे होऊ नये म्हणून ही बंधने आहेत.

नियम चांगला आहे. तरीही त्यात एक उणीव राहतेच. सोबत्याने बटण दाबले की ते दान गुप्त राहत नाही. सोबती विश्वासू असला तरी मतदाराचे मत दुसऱ्या एका माणसाला कळलेले असते. आणि तो सोबती बहुधा घरातलाच असतो, म्हणजे ज्याच्यावर ती व्यक्ती रोजच्या जेवणाखाण्यासाठी, औषधपाण्यासाठी अवलंबून असते, तोच. सासऱ्यांच्या पक्षाला मत द्यायचे नाही, असे अंध सुनेने सासऱ्यांनाच सांगावे, ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे? गुप्ततेत अभय आहे. गुप्तता गेली की अभयही जाते.

म्हणून ब्रेल अंकांचे महत्त्व. २००४ साली तत्कालीन आंध्र प्रदेशातील आसिफनगर विधानसभा पोटनिवडणुकीत ब्रेल अंक असलेली मतदान यंत्रे प्रथम वापरून पाहण्यात आली. पुढील दोन वर्षांत आणखी काही राज्यांत प्रयोग झाले आणि २००९ च्या लोकसभा निवडणुकीत ही सोय देशभर झाली. तिची रीत साधी आहे. निळ्या बटणाशेजारी उमेदवाराचा अनुक्रमांक ब्रेलमध्ये उठावदार असतो. केंद्रावर ब्रेलमधील नमुना मतपत्रिका ठेवलेली असते. मतदार ती बोटांनी वाचतो, आपल्या उमेदवाराचा क्रमांक लक्षात ठेवतो, कक्षात एकटा जातो आणि त्या क्रमांकाचे बटण दाबतो. यंत्राचा दीर्घ आवाज येतो. मत नोंदले गेले. कोणाला दिले, ते फक्त देणाऱ्याला ठाऊक.

येथे दोन गोष्टी प्रांजळपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली, उतारवयात दृष्टी गेलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही. त्यांना सोबती लागतोच. दुसरी गोष्ट पडताळणीची. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीपासून सर्व केंद्रांवर व्हीव्हीपॅट यंत्र असते. दिलेल्या मताची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते व मतदाराची खात्री पटते. पाहू शकणाऱ्याची खात्री पटते. अंध मतदाराला मात्र आवाजावरून मत नोंदले गेले एवढेच कळते. ते योग्य ठिकाणी गेले की नाही, हे काचेआडची चिठ्ठी त्याला सांगू शकत नाही. सर्वांसाठी आणलेल्या सुधारणेत एक जण मागे राहिला. नवी सोय आखताना पहिल्याच बैठकीत दिव्यांगांना विचारले नाही की असे होते, आणि हा धडा शासनाइतकाच संस्थांनाही लागू आहे.

घरी आलेली मतपेटी

ज्यांना केंद्रापर्यंत जाणेच शक्य नाही, त्यांच्यासाठी २०१९ साली नियमांत बदल करून घरून टपाली मतदानाची सोय करण्यात आली. प्रमाणित दिव्यांगत्व किमान ४० टक्के असलेल्या मतदारांना ती मिळते. ज्येष्ठांसाठी वयाची अट प्रथम ८० वर्षे होती, मार्च २०२४ मध्ये ती ८५ करण्यात आली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ही सोय प्रथमच देशभर उपलब्ध झाली. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत नमुना १२-डी भरून द्यावा लागतो. त्यानंतर मतदान अधिकाऱ्यांचे पथक ठरल्या दिवशी घरी येते, प्रक्रियेचे चित्रीकरण होते आणि मत गुप्तपणे नोंदविले जाते. हा पर्याय एकदा स्वीकारला की मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. ही सोय लोकसभा व विधानसभा निवडणुकांच्या नियमांतील आहे, हेही लक्षात असावे.

हिमाचल प्रदेशातील कल्पा गावचे श्याम सरन नेगी यांचे नाव या संदर्भात आठवते. २५ ऑक्टोबर १९५१ रोजी मत देऊन ते स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ओळखले गेले. त्यानंतर दर वेळी ते केंद्रावर जाऊन मतदान करीत आले. २ नोव्हेंबर २०२२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी प्रकृती साथ देईना, तेव्हा त्यांनी घरूनच टपाली मतपत्रिकेने मत दिले. तीनच दिवसांनी त्यांचे निधन झाले. शेवटच्या आठवड्यातही हे दान त्यांच्या हातून घडले, कारण मतपेटी त्यांच्या दारी आली होती.

तथापि घरातील मतदानात घराची जबाबदारी वाढते. पथक आले असता मुलाने, सुनेने किंवा नातवाने खोलीबाहेर थांबावे. “आजी, इथे खूण करा” असे प्रेमाने सांगणे हादेखील त्या मताचा अपहारच होय. आजीला लेखणी धरवत नसेल तर नियमाप्रमाणे साहाय्य द्यावे. पण मत तिचेच राहू द्यावे.

‘त्याला काय कळते?’

सर्वांत अवघड पायरी मतदान केंद्राची नसते, घराच्या उंबरठ्याचीच असते. मतिमंद म्हणून ओळखला जाणारा मुलगा अठरा वर्षांचा होतो. थोरल्या भावाचे नाव मतदार यादीत वेळेवर जाते, याचे जात नाही. “त्याला काय कळते?” असे म्हणून विषय संपविला जातो. मानसिक आजारासाठी औषध घेणाऱ्या मुलीच्या बाबतीतही तेच घडते.

कायदा काय म्हणतो? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १६ नुसार मनोविकलतेच्या कारणावरून नाव नाकारायचे असेल, तर सक्षम न्यायालयाने तशी घोषणा केलेली असली पाहिजे. शेजाऱ्यांचे मत, नातेवाइकांचा संकोच, डॉक्टरांची चिठ्ठी किंवा यादी करायला आलेल्या कर्मचाऱ्याचा अंदाज, यांपैकी काहीही पुरेसे नाही. न्यायालयाची घोषणा नाही, तोवर तो नागरिक मतदार होण्यास पात्र आहे. पाण्यासाठी कोण धावून येतो आणि रस्ता कोण करीत नाही, हे अशा मुलाला पुष्कळदा चांगले उमगते. आणि ज्याला उमगते की नाही याची शंका आहे, त्याची परीक्षा घेण्याचा अधिकार कुटुंबाला कोणी दिला? धडधाकट मतदाराची अशी परीक्षा कधी होत नाही.

आकडे आणि नोंद

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. २०२४ च्या निवडणुकीच्या वेळी मतदार यादीत दिव्यांग अशी नोंद असलेले मतदार देशभरात सुमारे ८८ लाख ४० हजार होते. जनगणनेच्या आकड्यातून लहान मुले वजा केली तरी अंतर फार मोठे उरते. यातील काहींचे नाव यादीत असेल, पण त्यापुढे दिव्यांग अशी नोंद नसेल. काहींचे नावच नसेल. नोंद नसली की केंद्रावर चाकाची खुर्ची किती हवी, स्वयंसेवक किती लागतील, हे कोणालाच कळत नाही. मतदार दारात येतो आणि मग धावपळ सुरू होते.

नाव नोंदविण्यासाठी नमुना ६ आणि आधीच नाव असल्यास दिव्यांगत्वाची नोंद करण्यासाठी नमुना ८ आहे. केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे तो देता येतो, निवडणूक आयोगाच्या ॲपवरूनही नोंद व खुर्चीची मागणी करता येते, आणि १९५० या क्रमांकावर चौकशी करता येते. अनेक कुटुंबे ही नोंद टाळतात. विवाहाच्या वयाची दुसरी मुले घरात असली की अपंगत्व झाकून ठेवण्याकडे कल असतो. समाजाने ही भीती ओळखावी आणि ती घालविण्याचा प्रयत्न करावा.

एखाद्या ट्रस्टच्या हाती यात काय आहे? पुष्कळ आहे. ज्या संस्थांच्या शाळांत मतदान केंद्र असते, त्यांनी निवडणुकीची वाट न पाहता योग्य उताराचा पक्का रॅम्प बांधावा. तो वर्षाचे ३६५ दिवस विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांनाही उपयोगी पडेल. युवक मंडळाने आपल्या परिसरातील दिव्यांग व वयोवृद्ध मतदारांची यादी करावी, त्यांचे नमुने भरून द्यावेत आणि मतदानाच्या दिवशी वाहनाची व्यवस्था पक्षनिरपेक्षपणे, निवडणूक अधिकाऱ्यांना विचारून करावी. महिला मंडळाने अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मुला-मुलीचे नाव यादीत गेले आहे ना, हे घरोघरी विचारावे. विचारताना एकही मूल वगळू नये. या कामाला मोठा निधी लागत नाही. थोडा वेळ आणि थोडे लक्ष पुरेसे आहे.

देणारेच नव्हे, निवडून येणारेही

दिव्यांग व्यक्ती मत देते, तशीच मते मागूही शकते. कोलकात्याचे साधन गुप्ता हे अंध वकील १९५३ च्या पोटनिवडणुकीत लोकसभेवर निवडून आले आणि पुढे पश्चिम बंगालचे महाधिवक्ता झाले. यमुनाप्रसाद शास्त्री यांना गोवामुक्तीच्या सत्याग्रहात पोर्तुगीज पोलिसांच्या मारहाणीने डोळा गमवावा लागला आणि पुढे दृष्टी पूर्णच गेली. तरी १९७७ साली रीवा मतदारसंघातून ते लोकसभेत गेले. पोलिओमुळे कुबड्या वापरणारे जयपाल रेड्डी केंद्रीय मंत्री झाले. दृष्टी गेली म्हणून विचार जात नाही, पाय गेले म्हणून दिशा चुकत नाही, हे या तिघांना निवडून देणाऱ्या लाखो सामान्य मतदारांना कळले होते.

सज्जनहो, अपंग, विकलांग, दिव्यांग असे शब्द काळानुसार बदलत आले. शब्द बदलले ते चांगलेच झाले. परंतु शब्दाने पायरी उतरत नाही. करुणा हा या समाजाचा स्वभाव आहे आणि तो तसाच राहो. मात्र मतदानाच्या दिवशी चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्याला करुणेची आवश्यकता नाही. त्याला वाट हवी आहे. तो त्या दिवशी दाता आहे, आणि दात्यासाठी दार उघडे ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. त्याने आत जावे, एकट्याने जावे, स्वतःच्या हाताने द्यावे, आणि काय दिले ते कोणालाही सांगावे न लागता सन्मानाने घरी परतावे. ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांत एवढे एक कार्य घडले, तरी या सुवर्णमहोत्सवाचे सार्थक होईल.

जय जिनेंद्र.